दाराची पेटी

काडीमोड झाला त्याला दीड महिना झाला होता, पण भांड्याकुंड्यांचा काडीमोड अजून व्हायचा होता. कोर्टानं माणसं वेगळी केली होती. वस्तू वेगळ्या करायला कारकून यायचा होता. तो आज येतो, उद्या येतो करत नेमका सूर्यफुलाच्या ऐन बहरात उगवला. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवून पाठ फिरवली होती. कुंपणं वाळली, डोंगराकडची झाडं फुलायचीच विसरली. ओढ्यापलीकडं ज्यांच्या विहिरीला पाणी होतं त्यांची सूर्यफुलं तेवढी उभी होती, आणि ती फार तर दहा दिवस टिकणार होती. त्या दहा दिवसांत माश्यांनी जे भरून ठेवायचं त्यावर पुढचं अख्खं वर्ष काढायचं होतं. त्यातले चार दिवस कारकुनाची वाट बघण्यात गेले.

गावात तिला माशीवाली म्हणत. तिच्या नवऱ्याला, म्हणजे आता नवरा नसलेल्याला, टेंपोवाला म्हणत. पेट्या उघडायच्या, माश्या राखायच्या, पोळी कापायची, मध गाळायचा हे तिचं. बरण्या टेंपोत घालून बाजारात न्यायच्या आणि ‘आमचा मध’ म्हणून विकायच्या हे त्याचं. बारा वर्षांत त्याला एकदाही माशी चावली नाही याचा तो अभिमान सांगायचा. जवळच कधी गेला नाही तर चावणार कशी?

कोर्टाचा कागद सरळ होता. घर त्याच्या बापाचं, ते त्याचं. ओढ्याकाठची पट्टी आणि तिच्यावरची शेड तिच्या आईनं तिच्या नावावर केलेली, ती तिची. संसारातल्या बाकीच्या वस्तू आणि मधमाश्यांच्या चौदा पेट्या निम्म्या निम्म्या. एकानं एक घ्यायची, मग दुसऱ्यानं. पहिला कोण ते चिठ्ठीनं.

सकाळी नऊच्या सुमाराला सगळे घराच्या अंगणात जमले. ती मावशीला सोबत घेऊन आली होती. एकटीनं त्या फाटकातून आत जायचं म्हटलं की तिच्या डाव्या मनगटात कळ यायची. ते मनगट तीन वर्षांपूर्वी मोडलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. डॉक्टरला तिनं पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. मावशी तिच्या आईची धाकटी बहीण, साठी उलटलेली, मन चांगलं आणि तोंडाला कुलूप नाही. टेंपोवाल्याच्या बाजूला त्याचा धाकटा भाऊ होता. तिच्याशी काय बोलावं ते न सुचून तो टेंपोचं चाक न्याहाळत उभा होता.

“या वहिनी,” तो म्हणाला, आणि मग वहिनी म्हणावं की नाही याचा विचार करून कानापर्यंत लाल झाला.

कारकून खुर्ची मागून घेऊन बसला. मांडीवर फळी, फळीवर कागद. “प्रत्येक नगाचं वर्णन लिहायचं,” तो म्हणाला, “आणि ज्यानं घेतलं त्यानं वर्णनासमोर सही करायची. वर्णनाशिवाय सही नाही, सहीशिवाय वस्तू हलणार नाही. मागल्या महिन्यात नुसतं ‘कढई एक’ लिहिलं तर दोन्ही पार्ट्या एकाच कढईवर बसल्या. तेव्हापासून मी कान पकडले.”

तिचं लक्ष त्याच्या बुटाच्या नाडीकडं होतं. मुद्दाम ठेवलं होतं. बारा वर्षांत तिला एक विद्या आली होती, आवडत्या वस्तूकडं न बघण्याची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्याकडं एक निळा कप होता. चहा नेहमी त्याच कपातून पिते हे टेंपोवाल्याच्या ध्यानात आलं आणि एके दिवशी तो कप त्यानं तिच्या डोळ्यांसमोर उंबऱ्यावर आपटला. कारणही सांगितलं नाही. मग एक शेळीचं पिल्लू होतं, मांडीवर येऊन बसायचं, ते विकलं. मग शेजारीण होती, तिच्याकडं जाणं बंद केलं. भांडण झालं की तो ओरडण्याआधी नुसता तिच्याकडं बघायचा, तिची नजर कुठं अडकते ते बघायचा, आणि तिथंच हात घालायचा. म्हणून ती नजर कुठंच अडकू देईनाशी झाली. माणसं तिला घुमी म्हणायला लागली.

आजही त्याचं तेच चाललं होतं. चिठ्ठीत पहिला मान त्याला आला. तो कपाटाकडं बघत नव्हता, पातेल्यांकडं बघत नव्हता, तिच्या तोंडाकडं बघत होता. डोक्याचं फडकं नीट करायला तिनं ओसरीच्या भिंतीवरच्या आरशात क्षणभर पाहिलं आणि तो म्हणाला, “आरसा.”

“आरसा एक, भिंतीवरचा, कोपरा तडकलेला,” कारकुनानं लिहिलं. “करा सही.”

“घे बाबा,” मावशी म्हणाली. “बघत बस स्वतःला.”

तडकलेला आरसा गेला आणि तिच्या वाट्याला नवी मोठी पातेली आली. असं तीन-चार वेळा झालं. भिंतीकडं बघितलं की घड्याळ जायचं, दाराकडं बघितलं की पायपुसणं जायचं. तिला हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. भांडीकुंडी कुणाकडं का जाईनात. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती ओढ्याकाठी होती. तिच्याकडं बघायचं नाही एवढंच आज जमलं पाहिजे, असं ती सकाळपासून स्वतःला बजावत होती.

अकराच्या पुढं सगळी वरात ओढ्याकाठी आली. टेंपो बांधावर उभा राहिला. चौदा पेट्या दोन ओळींत, प्रत्येक पेटी चार पायांच्या घोडीवर, घोडीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याचे डबे. ऊन मी म्हणत होतं. ओढ्यापलीकडं पिवळंजर्द रान पसरलेलं आणि मधल्या हवेत माश्यांची ये-जा अशी चाललेली, की कान देऊन ऐकलं तर सगळं शिवारच गुणगुणतंय असं वाटावं.

कारकून वीस पावलांवर थांबला. “मी इथूनच लिहितो,” तो म्हणाला.

“इथून वर्णन दिसेल का साहेब?” दिरानं विचारलं.

“तुम्ही सांगा, मी लिहितो. माझा विश्वास आहे तुमच्यावर.”

त्याचा विश्वास माशीला कळला नाही. पहिल्या दहा मिनिटांत एक त्याच्या कानाच्या पाळीला चावलीच. माशीवालीनं पुढं होऊन नखानं काटा खरवडून काढला आणि म्हणाली, “चोळू नका. चोळलं की जास्त सुजतं.” त्याला तिच्याबद्दल तिथून पुढं थोडा आदर वाटायला लागला. एका हातानं कान धरून त्यानं दुसऱ्या हातानं लिहिणं चालू ठेवलं.

इथंही टेंपोवाल्याला पहिला मान. पण इथं तिची नजर ओढ्यातल्या एका दगडावर होती आणि दगड काही वाटणीत नव्हता. मग त्यानं आपली अक्कल चालवली. वाकायचा, पेटीची कड बोटभर उचलायचा, वजन जोखायचा. जड लागली की म्हणायचा, “ही.” जड म्हणजे मध, एवढं त्याला कळत होतं. पेटीत राणी जुनी की नवी, अंडी किती, पोळं कोवळं की काळं पडलेलं, हे त्याच्या गावीही नव्हतं. ती आपल्या पाळीला हलक्या पेट्या घेत होती. कुणी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की हलक्या पेट्यांत यंदाच्या राण्या आहेत. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या ओळीच्या टोकाला, जांभळाच्या सावलीत, एक पेटी होती. बाकीच्या पेट्या सुताराकडच्या, एका मापाच्या. ही थोडी ओबडधोबड, झाकण एका बाजूला उचललेलं, एका फळीवर हिरव्या रंगाचे जुने पोपडे. तिकडं न बघता तिनं सकाळपासून तीच मनात धरली होती. पहिल्या चार वाटण्यांत ती पेटी घेऊन टाकावी असं तिला दर वेळी वाटलं आणि दर वेळी जीभ रेटेना. आपण बोट केलं की तो ओळखेल, काहीतरी खुसपट काढेल, आधीचा हिशेब मोडेल आणि तीच मागेल. शेवटपर्यंत कुणी घेणार नाही, मग आपसूक आपल्याकडं राहील, असा तिचा बेत होता.

तो मावशीनं धुळीला मिळवला. पाचव्या खेपेला टेंपोवाला पेट्या जोखत हिंडत असताना मावशी मोठ्यानं म्हणाली, “अगं, तू अशी मुखदुर्बळ कशी? तुझी ती दाराची पेटी घे की आधी. तिच्याशिवाय झोप येत नाही तुला.”

टेंपोवाला थांबला. वळला. त्याच्या तोंडावर ते ओळखीचं हसू आलं, फक्त एका बाजूनं येणारं.

“कुठली दाराची?” तो म्हणाला.

मावशीला आपण काय केलं ते आता कळलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण हात ठेवून काय उपयोग? टेंपोवाला ओळीनं बघत गेला, जांभळाखाली पोचला, हिरवे पोपडे त्यानं पाहिले आणि पेटीच्या झाकणावर हात ठेवला.

“ही,” तो म्हणाला. पेटी त्यानं उचलूनसुद्धा पाहिली नाही. “लिहा साहेब. माझी पाळी आहे, मी ही घेतो.”

वाकड्या मनगटात कळ उठली ती कोपरापर्यंत आली. सवयीनं तिची मान खाली जायला लागली होती. गेलं, जाऊ दे, म्हणायची तयारी मनात होऊनही गेली. कप गेला होता, पिल्लू गेलं होतं, तशी पेटी गेली.

“वर्णन?” कारकून लांबून ओरडला. “ही वेगळी दिसतेय. वर्णन सांगा.”

“पेटी एक, जुनी,” टेंपोवाला म्हणाला.

“जुन्या तर सगळ्याच आहेत. दाराची म्हणजे काय? कुणी केली? बाई, तुम्ही सांगा, तुम्हाला माहिती असेल.”

तिनं मान वर केली. चार वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. विचारला असता तर तिनं काहीतरी थाप मारली असती, पाय घसरल्यासारखी. पण आता थाप मारून वाचवायचं होतं तरी काय? लपवलेली गोष्ट उघडी पडली होती आणि त्याच्या हाताखाली होती. तिला एकदम हलकं वाटलं.

“आतल्या खोलीचं दार होतं साहेब,” ती म्हणाली. “चार वर्षांपूर्वी मी आतून कडी लावून बसले होते. यांनी लाथा घालून दार फोडलं. मग मला बाहेर ओढलं. दुसऱ्या दिवशी फळ्या अंगणात पडल्या होत्या, जाळायला म्हणून. त्या मी इकडं आणल्या आणि पेटी ठोकली. पुढच्या फळीला भोक आहे ना, ते कडीचं. माश्या त्यातूनच जातात-येतात.”

ती हे त्याच्याकडं बघत बोलली नाही, पेटीकडं बघत बोलली. सगळ्यांदेखत, सरळ, मन भरून.

माश्या कडीच्या भोकातून येत होत्या, जात होत्या. दिरानं ते भोक पाहिलं आणि मान फिरवली. त्या रात्री तोही घरात होता. चुलीमागं उभा राहून ऐकत होता आणि मूग गिळून बसला होता.

कारकुनानं कान सोडला. लिहायला लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणत गेला, कारण ती त्याची पद्धतच होती. “पेटी एक. हिरव्या रंगाच्या दाराच्या फळ्यांची. सदर दार पतीनं… म्हणजे माजी पतीनं… लाथेनं फोडलेलं. पुढील फळीस कडीचं भोक. बरोबर?”

“बरोबर,” ती म्हणाली.

“बरोबर आहे,” दीर म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कारकून आपली भीती गिळून पेटीपाशी आला आणि त्यानं कागदाची फळी पुढं केली. “करा सही. इथं.”

टेंपोवाल्यानं पेन घेतलं. कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याच्या कपाळावरची शीर फुगली, आणि ती शीर बघून तिच्या अंगावर नेहमीसारखा काटा आला; पण मध्ये कारकून उभा होता, सुजल्या कानाचा, सहीची वाट बघत.

“हे असलं कशाला लिहायचं?” टेंपोवाला म्हणाला. “नुसतं जुनी लिहा.”

“वर्णन हरकतीशिवाय नोंदलं गेलं आहे. तुमच्या भावानं दुजोराही दिला. खोटं असेल तर हरकत घ्या, तशी नोंद करतो. मग ती जज्जसाहेबांसमोर जाईल, चौकशी होईल.”

“खोटं आहे का दादा?” दिरानं विचारलं. अगदी हळू.

ओढ्याकडून वारा आला. टेंपोवाल्यानं पेन परत दिलं.

“असलं भिकार खोकं मला नको,” तो म्हणाला. “तिलाच लखलाभ.” आणि त्यानं शेजारच्या जड पेटीकडं बोट केलं.

तिनं आपल्या पाळीची वाट पाहिली, एक श्वास घेतला आणि म्हणाली, “मला दाराची पेटी.” सही नेहमीपेक्षा मोठी आली. मावशी रडत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही फडक्याआड लपवायचा प्रयत्न करत होती.

शेवटची पेटी लिहून झाली तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. टेंपोवाला भावाला म्हणाला, “चल, चढव.”

ती पुढं झाली. त्याला हाक कशी मारायची हा एक प्रश्नच होता. ‘अहो’ आता लागू नव्हतं आणि दुसरं काही तिला येत नव्हतं. म्हणून ती कारकुनाला म्हणाली, “साहेब, पेट्या आता हलवू नयेत. निम्म्याहून जास्त माश्या बाहेर फुलांवर आहेत. दिवस मावळला की सगळ्या घरी येतात, तेव्हा भोक बंद करायचं आणि न्यायचं. उन्हात नेल्या तर आतली पोळीसुद्धा गळून पडतील. संध्याकाळपर्यंत थांबायला सांगा.”

हे तिनं मनापासून सांगितलं. पेट्या त्याच्या झाल्या होत्या, पण माश्यांचं काय चुकलं होतं?

टेंपोवाला हसला. “संध्याकाळपर्यंत थांबतो आणि तू आतला मध काढून घे. बारा वर्षं मला शिकवायला गेलीस, अजून हौस फिटली नाही?”

“मी इथंच बसून राहीन, पेट्यांना हात लावणार नाही.”

“चढव रे.”

एरवी ती इथं गप्प बसली असती. आज सकाळपासून तिला बोलण्याची थोडी सवय झाली होती. “लिहा साहेब,” ती म्हणाली. “दिवसा नेऊ नका असं मी सांगितलं म्हणून लिहा.”

कारकुनानं लिहिलं. टेंपोवाल्यानं सात पेट्यांच्या भोकांत चिंध्या कोंबल्या, खरं तर भावाला कोंबायला लावल्या. दिराच्या हातांना तीन ठिकाणी चावे बसले. पेट्या टेंपोत एकावर एक चढल्या, वरून ताडपत्री ओढली गेली. जाताना टेंपोवाल्यानं शेडमधल्या तीन मोडक्या रिकाम्या खोक्यांकडं बघितलं. “हे कचऱ्यातलं पण तुलाच,” तो म्हणाला, आणि कारकुनानं तेही लिहून त्याची सही घेतली.

टेंपो बांधावरून उतरला, रस्त्याला लागला, धूळ उडाली, धूळ बसली. ती उभीच होती. मागून तो परत येईल, काहीतरी राहिलं म्हणेल, अशी तिची खात्रीच होती. टेंपोचा आवाज पुलापलीकडं गेला आणि मग आलाच नाही. तेव्हा ती मटकन खाली बसली.

“काय झालं गं?” मावशी घाबरली.

“काही नाही,” ती म्हणाली. “संपलं.”

पण बसून राहायला वेळ नव्हता. सात घोड्या रिकाम्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर आता माश्या यायला लागल्या होत्या. फुलांवरून भरून आलेल्या, पोट जड झालेल्या माश्या बरोबर आपल्या जागेवर उतरायच्या आणि जागेवर घरच नसायचं. घिरटी घालायच्या, पुन्हा उतरायच्या, पुन्हा घिरटी. तास-दीड तासात प्रत्येक घोडीवर मुठी-मुठीएवढे घोस लोंबायला लागले. त्यांचा आवाजही बदलला होता.

“या तर त्याच्या पेट्यांतल्या,” मावशी म्हणाली.

“या बाहेर होत्या. त्यांच्यासाठी कुणी थांबलं नाही.”

तिनं माश्या शांत करायचं धुराडं पेटवलं आणि कामाला लागली. मोडकी तीन खोकी बाहेर ओढली, खिळे सरळ करून फळ्या ठोकल्या, भेगांत चिखल भरला. डाव्या हातात खिळा धरवत नव्हता म्हणून तो मावशीनं धरला आणि प्रत्येक ठोक्याला डोळे मिटले. मग तिनं आपल्या पेट्यांतून ताज्या अंड्यांची एकेक चौकट काढून एकेका खोक्यात सोडली आणि खोकी रिकाम्या घोड्यांवर ठेवली. अंडी मिळाली की माश्या आपली राणी आपण वाढवतात. पहिल्या खोक्याच्या तोंडाशी दोन माश्या आल्या, आत डोकावल्या. मग दहा. मग ओघ लागला. उरलेल्या आसपासच्या पेट्यांत घुसल्या. भरल्या पोटी आलेल्या पाहुणीला कुठल्याच पेटीचा पहारा अडवत नाही. ऊन कलेपर्यंत सगळ्या घोड्या मोकळ्या झाल्या होत्या आणि तिचा घाम मानेवर वाळून मीठ झाला होता. तिनं ओढ्यात पाय सोडले. मावशीनं डबा उघडला आणि दोघी पोटभर जेवल्या. कुठं गेली होतीस, इतका वेळ का, असं विचारणारं घर आता तिच्यामागं नव्हतं. हे तिला दर दोन घासांनी नव्यानं आठवत होतं आणि दर वेळी तेवढंच बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी कारकून पुन्हा आला. बरोबर दीर होता. कारकुनाच्या कानाची सूज उतरली होती आणि डोक्यावरून त्यानं जाळीची पिशवी घातली होती.

“अर्ज आलाय बाई,” तो म्हणाला आणि वाचायला लागला. “अर्जदाराच्या हिश्श्याच्या सात पेट्यांमधील बहुसंख्य माश्या सामनेवाल्या बाईंनी फूस लावून स्वतःकडे वळवल्या असून, सदर माश्या मोजून परत मिळाव्यात.”

मावशीनं घास घशात अडकल्यासारखा आवाज काढला. कारकुनानं जाळीआडून तिच्याकडं बघितलं. तोही कसाबसा गंभीर राहिला होता.

“वहिनी,” दीर म्हणाला, आणि या वेळी तो लाल झाला नाही. “दोन पेट्यांतली पोळी गळून पडली. बाकीच्यांत बारीक माश्या आहेत, नुसत्या बसून आहेत. दादा आता तिकडं फिरकत नाही. म्हणतो, तूच बघ. एकदा येऊन बघता का?”

तिचे पाय उठले होते. खरंच उठले होते. माश्यांचं नाव निघालं की ती आजारपणातही उठायची. मग तिला ते फाटक आठवलं, अंगण आठवलं, आणि ती पुन्हा बसली.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला सांगते तसं करा. पेट्या सावलीत हलवा. भोक बोटभर ठेवून बाकी चिखलानं बुजवा, नाहीतर मुंग्या लुटतील. वाटीत साखरेचं पाणी, त्यात काड्या टाका, म्हणजे बुडणार नाहीत. बारीक माश्या आठवड्याभरात बाहेर पडायला लागतील. पाच पेट्या जगतील. रोज बघायला पाहिजे मात्र.”

“मी बघीन.”

“अडलं तर इकडं या. तुम्ही या.”

‘तुम्ही’वरचा भार त्याला कळला. त्यानं मान हलवली. जाता जाता जांभळाखाली थांबला आणि म्हणाला, “त्या रात्री दारापाशी मी यायला पाहिजे होतं.”

“हो,” ती म्हणाली. “यायला पाहिजे होतं.” तिनं ते मऊ केलं नाही. पण त्याला पाणी मात्र दिलं, आणि तो उभ्यानं प्याला.

कारकुनाला लेखी उत्तर हवं होतं. तिनं फळी मांडीवर घेतली आणि सावकाश लिहिलं, की पेट्या दिवसा नेऊ नयेत असं मी सांगितलं होतं, त्याची नोंद आपल्याकडं आहे. तरी अर्जदारानं स्वतः येऊन आपल्या माश्या ओळखाव्यात आणि घेऊन जावं. माझी हरकत नाही. दिवस मावळल्यावर यावं.

कारकुनानं वाचलं आणि इतका हसला की जाळीची पिशवी सरकली. “हे मी फाइलला लावतो,” तो म्हणाला. “प्रकरण बंद.” माश्यांनी त्याला त्या दिवशी काही केलं नाही.

दोघं गेल्यावर तिनं शेडमधलं स्टूल उचललं, जांभळाखाली नेलं आणि दाराच्या पेटीसमोर, कडीच्या भोकापासून हातभर अंतरावर ठेवलं. बसली. हात मांडीत घेतले. सूर्यफुलाची पिवळी धूळ पायाला लावून माश्या येत होत्या, भोकाशी एकमेकींना वाट देत होत्या, आत जात होत्या. ती बघत राहिली. कुणी बघतंय का म्हणून तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळानं मावशी आली. “काय बघतेस गं एवढं?”

“माझी पेटी,” ती म्हणाली, आणि नजर काढली नाही.

मावशीनं आणखी एक स्टूल आणलं.